निघालेल्या ब्रॅकेटची वही

इर्बिद, ८ एप्रिल

उम्म जिरयेस यांस,

फोन तुम्ही उचलत नाही, निरोपाला उत्तर देत नाही, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले आहे. माझं अक्षर लागलं नाही ही सबब चालणार नाही. एकोणीस वर्षं तुम्ही तेच वाचत आलात. पत्र तुमच्या हुसन गावच्या बसचा ड्रायव्हर अबू सक्र आणून देईल. आठ किलोमीटरवर राहणाऱ्या बाईला पत्र लिहायची वेळ माझ्यावर यावी, म्हणजे कमाल झाली.

मला वही हवी आहे. निघालेल्या ब्रॅकेटची वही, हिरव्या पुठ्ठ्याची. कुणाचा, कुठल्या दातावरचा, लावल्यापासून किती दिवसांनी निघाला आणि पेशंट त्याचं काय कारण सांगतो, हे सगळं तुम्ही त्यात लिहायचात. ‘बदाम फोडला.’ ‘भावाचं कोपर लागलं.’ ‘आपोआप निघाला म्हणतो, खिशात भोपळ्याच्या बिया सापडल्या.’ वही तुम्ही विकत आणली होती, ती तुमची, मान्य. पण तिच्यातले दात माझ्या पेशंटचे आहेत.

ऑक्टोबरात अम्मानला दंतवैद्यांची परिषद आहे आणि मी तिथे निबंध वाचणार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. विषयही ठाऊक आहे: दात सरळ करणारी तार धरायला दातावर चिकटवलेला ब्रॅकेट वर्षभर टिकतो का? इतर लोक उपटलेल्या दातांवर ब्रॅकेट लावतात, यंत्राने ओढतात आणि आकडे छापतात. उपटलेला दात बिया फोडत नाही, पेन चावत नाही, आईशी भांडून खडीसाखर खात नाही. जे टिकतं की नाही ते माणसाच्या तोंडातच बघावं लागतं, आणि माणसाच्या तोंडाची एकोणीस वर्षांची नोंद या शहरात फक्त तुमच्या वहीत आहे. ती तुम्ही घरी नेऊन ठेवली आहे. लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली असेल तर तेवढं कळवा.

आता २४ मार्चबद्दल. तुम्ही ॲप्रन काढून खुंटीला अडकवलात आणि गेलात. मी जा म्हटलं नव्हतं. तुमचा हात ओला झालाय, एवढंच म्हटलं होतं. त्यात चूक काय? सकाळी साडेदहापर्यंत तिघी जणी आपापले ब्रॅकेट रुमालात बांधून आल्या होत्या. दात कोरडा ठेवणं हे तुमचं काम, सक्शन तुमच्या हातात. थुंकीचा एक थेंब दाताला लागला की गोंद धरत नाही, हे मी तुम्हाला शिकवावं लागत नाही. रमजानभर हेच चाललं होतं, मी तरी किती दिवस गप्प बसायचं? बाहेर बसलेल्या बायकांनी ऐकलं म्हणाल, तर दार उघडं होतं, त्याला मी काय करू?

वही पाठवा. अबू सक्र संध्याकाळच्या फेरीला तुमच्या चर्चच्या कोपऱ्यावर थांबतो.

डॉ. रबाब


२२ एप्रिल

उम्म जिरयेस यांस,

वही आली नाही. पत्र पोचल्याचं अबू सक्र सांगतो. तुम्ही ते हातात घेतलंत, उलटंपालटं करून पाहिलंत आणि त्याला कॉफी विचारलीत म्हणे. त्याला कॉफी, आणि मला दोन ओळी नाहीत.

परवा तुमचा ईस्टर झाला, त्याच्या शुभेच्छा. ईदला मी तुमच्याकडे खजूर भरलेले गोड मामूल पाठवले नाहीत, हे खरं आहे. त्या आठवड्यात मी रागात होते. पण मी पाठवले नाहीत म्हणून तुम्हीही पाठवू नयेत? आमचे हिशाम दोन दिवस स्वयंपाकघरात घिरट्या घालत होते. शेवटी म्हणाले, “उम्म जिरयेसचा पिस्त्याचा डबा कुठंय?” मी म्हटलं, डबा रुसलाय. त्यावर ते हसले नाहीत.

तुमच्या जागी फद्वा नावाची बाई ठेवली आहे. सरकारी दवाखान्यात दहा वर्षं होती म्हणे. तिथे काय करत होती हे कुणाला सांगता येत नाही. मला जिथे बघायचं असतं तिथेच ती सक्शनची नळी धरते. पेशंटचं तोंड उघडं, त्यात माझे दोन्ही हात, आणि ही त्याला विचारते, तुम्ही नक्की कुठल्या गावचे? विचारून उत्तरासाठी थांबते. मला ‘हबीबती’ म्हणते, जणू मी तिची लाडकी. परवा मी न बघता हात पुढे केला, चिमट्यासाठी. तुम्ही असता तर चिमटा हातात असता. तिने माझ्याशी हस्तांदोलन केलं.

मी हे तुम्हाला का सांगतेय? सवय आहे म्हणून. दिवसभरात जे जे डोक्यात जायचं ते संध्याकाळी उपकरणं उकळत ठेवताना तुम्हाला सांगून टाकायचं, म्हणजे घरी जाताना डोकं रिकामं असायचं. आता ते सगळं घरी येतं आणि हिशामना ऐकावं लागतं.

तुलीनची आई आली होती. तुलीनच्या वरच्या सुळ्यावरचा ब्रॅकेट दुसऱ्यांदा निघालाय. तिने विचारलं, उम्म जिरयेस कुठे आहेत? मी म्हटलं, सुटीवर.

वही पाठवा.

रबाब


१४ मे

उम्म जिरयेस यांस,

आता मी वही मागणार नाही. मला तिची गरज उरलेली नाही, कारण उत्तर माझं मीच काढलं आहे.

फद्वा आल्यापासून आम्ही सदतीस जणांना ब्रॅकेट लावले. आजपर्यंत दोन निघाले, त्यातला एक दाराच्या मुठीवर आपटून. रमजानात तुम्ही असताना चाळीस जणांना लावले, त्यातल्या एकोणीस जणांचा एक तरी निघाला. काहींचे तीन-तीन. हात माझाच, गोंद तोच, दिवा तोच, खुर्ची तीच. बदललं काय? फक्त सक्शन धरणारी बाई. तीही अशी, की जिला डावं-उजवं सांगावं लागतं. आता बोला.

त्या चाळिसातले बारा जण इफ्तारनंतर संध्याकाळी आले होते, आणि त्यांच्यातलं कुणीच परत आलं नाही, ही गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. तुमच्या लक्षात सगळं येतं. पण तो योगायोग आहे. लहान आकड्यांत असे योगायोग होतात.

आणखी एक. परवा यझनचा फोन आला होता. चार वर्षं माझ्या हाताखाली शिकला, आता विद्यापीठाच्या रस्त्यावर स्वतःचा दवाखाना थाटून बसलाय, आणि अजून फोनवर माझ्याशी बोलताना उभा राहतो असं त्याची बायको सांगते. तुम्ही त्याच्याकडे कामाला विचारलंत म्हणे. मला न सांगता. त्याने विचारलं, उम्म जिरयेसचं काम आता कसं आहे? मी सांगितलं. हात ओला झालाय, तिच्या हाताखाली ब्रॅकेट टिकत नाहीत. विचारल्यावर काय खोटं सांगायचं? त्याने आभार मानले. आवाजावरून ठेवणार नाही असं वाटलं.

हिशामना हे कळल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, त्यांचा मुलगा जिरयेस पाठीच्या ऑपरेशनपासून घरी बसलाय. त्या घरात कामाला जाणारं दुसरं कोण आहे? मी म्हटलं, मला माहीत नाही. मला माहीत आहे. पण मी काय करायचं होतं, सांगा. विचारणाऱ्याने विचारलं. तुम्ही फोन उचलला असतात तर ही वेळच आली नसती.

रबाब


२५ मे

उम्म जिरयेस,

वही मिळाली. अबू सक्रने रोटीच्या पिशवीतून आणून दिली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी पिशवी तीनदा झटकली.

पहिल्यांदा मी जुनी पानं चाळली. हसायला आलं. ‘न्यायाधीशसाहेबांचा मुलगा. खालची उपदाढ. कारण: वडिलांना सांगू नका.’ मग रमजानची पानं उघडली. तिथे तुम्ही शिसपेन्सिलीने एक नवा रकाना आखला होता. त्याच्या डोक्यावर ‘पाणी’ असं लिहिलं होतं आणि खाली नुसते आकडे. सहा. पाच. सात. सहा. चार. नावांसमोर वेळ होती, अकरा वाजता, दीड वाजता, तीन वाजता. मग इफ्तारनंतरच्या वेळा, आणि त्यांच्यासमोर वीस. वीस. बावीस. वीस.

मला ताबडतोब कळलं आणि मी ताबडतोब चिडले. सहा सेकंद? मी? एकोणीस वर्षं विद्यार्थ्यांच्या डोक्यावर जी हातोडा मारत आले, की आम्ल लावलेला दात वीस सेकंद धुवा, आम्लाचा निळा थर पुरता जाऊ द्या, दात खडूसारखा पांढरा दिसल्याशिवाय गोंदाच्या बाटलीला हात लावू नका, ती मी चार सेकंदांत पाणी बंद करेन? तुमचं घड्याळ बिघडलं असणार, असं मी फद्वाला मोठ्याने सांगितलं. तिला काहीच माहीत नव्हतं, तरी ती “नक्कीच, हबीबती” म्हणाली.

मग दुपारी पेशंट नसताना मी खुर्चीवर स्वतः बसले. फद्वाला म्हटलं, माझ्या दातावर पाणी सोड, वीस सेकंद, घड्याळ बघून. उम्म जिरयेस, वीस सेकंद फार मोठे असतात. घशाशी पाणी साचतं, सक्शन ते पुरतं ओढत नाही, जीभ वर चढते. मला तहान नव्हती, मी उपाशी नव्हते, तरी सातव्या सेकंदाला माझा हात वर गेला. फद्वाने पाणी बंद केलं. ती भली बाई आहे, हात वर गेला की पाणी बंद करते. मीही तेच करत होते.

पहिल्याच दिवशी ती नर्सिंगची मुलगी माझं मनगट धरून रडली होती, आठवतं? पाणी घशात गेलं तर रोजा मोडेल म्हणून. मी म्हटलं, बाळ, घाबरू नको, पाणी थोडंच मारते. मग दुसऱ्याचं थोडंच. मग सगळ्यांचं. बाकीचं कापसाने पुसलं की झालं, असं मला वाटलं. मी स्वतःही उपाशी होते, दुपारी माझंही डोकं चालत नव्हतं, आणि मला वाटत होतं की मी दया करतेय. निळा थर दाताच्या खळग्यांत तसाच राहिला आणि त्यावर मी गोंद लावला. ब्रॅकेट दाताला चिकटलेच नव्हते, ते त्या उरलेल्या चिखलाला चिकटले होते. बदामाची गरजच नव्हती, नुसत्या रोटीने निघाले.

एकोणीस वर्षं तुम्ही रमजानात दिवसा कुणाला ब्रॅकेट लावायची वेळच दिली नाहीत. फक्त तारा बदलायला बोलवायचात, आणि मी समजत होते की तुम्हाला आळस येतो. यंदा निबंधासाठी मला आकडे वाढवायचे होते, म्हणून वेळा देण्याची नोंदवही मी तुमच्या हातातून काढून घेतली.

आणि आता जे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. तुम्ही पाणी सोडलं की मोठ्याने मोजायचात. मी म्हटलं, मोजू नका, आकडे ऐकून ते घाबरतात. तुम्ही गप्प बसलात. दोन दिवसांनी, तुलीन खुर्चीवर असताना, तुम्ही हळूच म्हणालात, “डॉक्टर, पाणी कमी पडतंय.” तेव्हा मी म्हटलं, “तुम्हाला काय कळणार रोजा म्हणजे काय?”

दार उघडं होतं. बाहेर पाच बायका बसल्या होत्या.

पंचांग मी आज बघितलं. तुमचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास यंदा आमच्या रमजानच्या तिसऱ्या दिवशी सुरू झाला. मी ते बोलले तेव्हा मांस, दूध, अंडं सोडून तुम्हाला आठवडा झाला होता. आणि त्या एकोणीस रमजानांत दवाखान्यात कुणासमोर तुम्ही पाण्याचा घोट घेतला नाहीत. रक्तदाबाची गोळी घ्यायला खाली न्हाव्याच्या दुकानात जायचात. मला ते दिसत होतं. न सांगता कुणी आपल्यासाठी काही करत राहिलं की काही वर्षांनी आपल्याला ते भिंतीसारखं, आपसूक असायचंच असं वाटायला लागतं.

माफ करा. लिहायला फार जड गेलं, पण लिहिलं. परत या. फद्वाला मी समजावेन, तिला पुढच्या खोलीत बसवू, फोनवर बोलणं तिला छान जमतं. तुम्ही नोंदवही घ्या, मी तिला हात लावणार नाही. यझनचं काय ते नंतर बघू.

रबाब


१२ जून

उम्म जिरयेस,

अठरा दिवस वाट पाहिली. बकरी ईदही झाली. मामूलचा डबा पाठवला होता, तो पोचला हे मला अबू सक्रच्या मिशीला लागलेल्या साखरेवरून कळलं. काल तुमचा कागद आला. एकोणीस वर्षांच्या ओळखीत तुम्ही मला लिहिलेलं पहिलं पत्र, आणि त्यात तीन वाक्यं. “माफी पोचली. मी परत येणार नाही. डॉक्टर यझनना खरं सांगा.”

एवढंच? मी चार पानं लिहिली. मी खुर्चीत बसून स्वतःच्या घशात पाणी ओतून घेतलं. माणसाने आणखी काय करायचं असतं?

परत यायचं नाही, ते मी समजू शकते. समजू शकत नाही, पण समजते असं म्हणते. पण यझनला? तुम्ही काय मागताय याची कल्पना आहे का? त्याच यझनला मी वर्गातून बाहेर काढलं होतं. तो तिसऱ्या वर्षाला होता, तुम्हीच दार उघडून दिलं होतं. का काढलं होतं? दात पंधराच सेकंद धुतला म्हणून. वीस मुलांसमोर मी म्हटलं होतं, ज्याला पाण्याची घाई आहे त्याने गाड्या धुवाव्यात. तो अजून ते सांगतो. पार्ट्यांत सांगतो, माझी नक्कल करून. आता मी त्याला फोन करायचा आणि काय म्हणायचं? चार?

मी दुसरा मार्ग सुचवते. निबंधात मी स्वच्छ लिहीन की रमजानात दिवसा ब्रॅकेट लावले तर ते टिकत नाहीत, कारण धुणं अपुरं राहतं. दात, तारीख, आकडे, सगळं. ‘एका दवाखान्यात असं आढळलं’ असं लिहीन. परिषदेला यझन असेलच, त्याला काय समजायचं ते समजेल, आणि तुम्हाला मी याहून चांगली जागा शोधून देईन. अम्मानला माझ्या ओळखी आहेत. रोज जाणं-येणं लांब पडेल, पण बघू.

हे वाचून तुम्ही काय म्हणाल ते मला इथे ऐकू येतंय. काही म्हणणार नाही. चष्मा पुसाल.

हिशामना तुमचा कागद दाखवला. त्यांनी वाचला, घडी केली आणि मला परत दिला. म्हणाले, “यात अवघड काय आहे? तीन तर वाक्यं आहेत.” चाळीस वर्षं गणित शिकवलं की माणूस असा होतो.

मला विचार करू द्या.

रबाब


१९ जून

उम्म जिरयेस,

आज दुपारी यझनला फोन केला. फद्वाला बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं, मग पुन्हा उघडलं. बाहेर चौघी बसल्या होत्या, त्यांत तुलीनची आई. जे उघड्या दारातून ऐकलं गेलं, ते बंद दाराआड परत घेता येत नाही, एवढं मला कळतं.

मी त्याला म्हटलं, मे महिन्यात मी तुला उम्म जिरयेसबद्दल जे सांगितलं ते खरं नव्हतं. तिचा हात कोरडा आहे. ब्रॅकेट निघाले ते माझ्यामुळे. रमजानात मी दात नीट धुतले नाहीत, तिने सांगितलं तरी ऐकलं नाही, आणि वर तिलाच बोलले.

तो म्हणाला, “किती सेकंद, मॅडम?”

“सहा. कधी चार.”

मी त्याच्या हसण्याची वाट पाहत होते. पार्ट्यांत तो माझा आवाज काढतो, आता त्याला उरलेल्या आयुष्याची नक्कल मिळाली होती. तो हसला नाही. म्हणाला, रमजानात त्याच्याकडेही असे बरेच निघाले होते आणि त्याने गोंदाच्या कंपनीला दोन संतापलेली पत्रं पाठवली आहेत. तोही पाणी थोडंच सोडत होता. त्याचीही एक पेशंट रडली होती. आपण सगळेच दयाळू आहोत, बघा. सगळ्या शहराचे ब्रॅकेट त्या महिन्यात रुमालात बांधलेले असतील.

मग त्याने मला एक गोष्ट सांगितली. माझ्याशी बोलून झाल्यावर, मे महिन्यात, त्याने तुम्हाला बोलावून घेतलं होतं. मला वाटत होतं त्याने फोनवरच नाही सांगितलं असेल. पण नाही, तुम्ही त्याच्यासमोर खुर्चीत बसला होतात. तो म्हणाला, “मी त्यांना तोंडावर विचारलं, मॅडम. म्हटलं, डॉक्टर रबाब असं म्हणतात, हे खरं आहे का? त्या म्हणाल्या, डॉक्टर रबाब खोटं बोलत नाहीत. त्यांनी म्हटलं असेल तर माझं वय झालं असेल.”

वही तेव्हा तुमच्याकडे होती, उम्म जिरयेस. पेन्सिलीचा तो रकाना तुमच्याकडे होता. एक पान उघडून दाखवलं असतंत तर त्या दिवशी काम मिळालं असतं, आणि माझ्या विद्यार्थ्यासमोर माझं नाव गेलं असतं. तुम्ही ते मला पाठवलंत, रोटीच्या पिशवीतून, म्हणजे आधी मला एकटीला कळावं.

मी फोनवर रडले. चौघींसमोर. तुलीनच्या आईने उठून माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि यझनला सांगितलं, डॉक्टर पाच मिनिटांनी बोलतील. मग मी तिलाही सांगितलं, बाकीच्या तिघींनाही. २४ मार्चला मी जे बोलले ते चुकीचं होतं, आणि त्याआधी रोजाबद्दल जे बोलले ते त्याहून वाईट होतं. त्यातली एक म्हणाली, “ते आम्ही त्या दिवशीच घरी बोललो होतो, डॉक्टर. तुम्ही कधी बोलता त्याची वाट बघत होतो.”

एक गोष्ट अजून तुम्हाला लिहायची राहिली आहे. यझनने मे महिन्यात विचारलं तेव्हा संध्याकाळच्या बारा जणांचा आकडा माझ्यासमोर कागदावर होता. मी योगायोग म्हटलं आणि म्हणतानाच मला ते पटलं नव्हतं. तरी मी त्याला तुमचा हात ओला झालाय असं सांगितलं, कारण तुम्ही दुसरीकडे कामाला विचारलंत याचा मला राग आला होता. तुम्ही मला सोडून जाताय आणि तुमच्या जोरावर दुसऱ्याचा दवाखाना चालणार, हे मला सहन झालं नाही. म्हणजे ती चूक नव्हती, खोटंच होतं.

यझन तुम्हाला घेतोय. रविवारपासून या म्हणाला, मी म्हटलं रविवार सकाळ तुमची प्रार्थनेची असते, सोमवार ठेव. सोमवारी नऊला जा. रमजानातल्या वेळा कोण ठरवणार ते मी त्याच्याकडून आधीच कबूल करून घेतलं आहे. फोन ठेवताना तो म्हणाला, मॅडम, तुम्ही स्वतः एकदा हुसनला जाऊन त्यांना परत का नाही बोलावत? मी म्हटलं, त्यांनी नाही म्हटलंय, आणि या वेळी मला ऐकू आलंय.

एकोणीस वर्षांत तुमच्याबद्दल मी एकदाच खोटं बोलले, आणि माझी लाज राखायला तुम्ही ते खरं म्हणून स्वतःवर घेतलंत.

रबाब